सव्वीसपैकी पंचवीस : कोरियातल्या एका शाळेत वाजलेला अलार्म

आग लागलीच नव्हती, हे आधी सांगून टाकतो. डिसेंबर २०१८, दक्षिण कोरियाच्या ग्योंगी प्रांतातली एक सरकारी प्राथमिक शाळा, चौथीचा इंग्रजीचा तास. अलार्म वाजला, शिक्षिका मुलांना घेऊन खाली उतरली आणि बाकीची सगळी शाळा जागच्या जागी बसून राहिली. घडलं ते एवढंच.

ती शिक्षिका माझी भाची. ताईची मुलगी. जन्म आणि शिक्षण कॅनडात, पासपोर्ट कॅनडाचा, घरात बोलणं मराठी. मी पुण्यात शाळा-कॉलेजांचं फायर ऑडिट करतो. त्या रात्री तिचा फोन आला तो मामापेक्षा या धंद्यातल्या माणसाला होता. "मामा, मी चुकले का, तेवढं सांग. लाड नको करूस." मग दोन-तीन आठवडे मी तिच्याकडून एकेक तपशील काढून घेतला. मजल्याचा नकाशा तिने वहीच्या कागदावर काढून पाठवला. शाळेचं नाव इथे येणार नाही, आणि त्याची गरजही नाही.

ती तिथे गेली ऑगस्ट २०१७ मध्ये, 'एपिक' या सरकारी योजनेतून. १९९५ पासून ही योजना इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांतले शिक्षक कोरियातल्या सरकारी शाळांत नेमते. तिथे मुलांचं इंग्रजी तिसरीपासून सुरू होतं. करारात परदेशी शिक्षकाची जागा सहायकाची. वर्गात एक कोरियन सहशिक्षिका हवी आणि वर्ग कागदोपत्री तिचा. शिवाय मुलांची वर्गशिक्षिका वेगळी, तिला 'दामिम' म्हणतात. इंग्रजीच्या तासाला मुलं आपला दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग सोडून चौथ्या मजल्यावरच्या इंग्रजीच्या खोलीत येत. म्हणजे एका वर्गाला मोठी माणसं तीन. हजेरीपट मात्र एकीकडेच, दोन मजले खाली.

या मांडणीत पुढचं सगळं प्रकरण आहे.

मे महिन्यातली ड्रिल

शाळेत ड्रिल होत नव्हत्या असं मुळीच नाही. मे २०१८ मध्ये मोठी ड्रिल झाली. तारीख आणि वेळ सगळ्यांना आठवडाभर आधी ठाऊक होती. हिलाच नव्हती, कारण सूचना शाळेच्या अंतर्गत मेसेंजरवर कोरियनमध्ये आली होती आणि तिचं भाषांतर करून सांगणं कुणाच्या कामाच्या यादीत नव्हतं. त्या दिवशी तासाला आलेल्या मुलांच्या हातात घडी घातलेले रुमाल होते. का ते तिला कळेना. सायरन वाजायला पाच मिनिटं असताना वर्गशिक्षिका स्वतः वर आली आणि मुलांना घेऊन आपल्या वर्गात गेली. मग सायरन झाला. भाचीने ती ड्रिल चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीच्या खिडकीतून पाहिली.

नाकाला रुमाल लावून, कमरेत वाकून मुलं मैदानात आली. मैदानात कापडी बॅनर, अग्निशमन दलाचा बंब, फोटो काढणारे दोघं. हातात स्टॉपवॉच घेतलेल्या उपमुख्याध्यापकांनी कर्ण्यावरून वेळ जाहीर केली. धुराचा एक तंबू लावला होता. त्यातून वाकत जायला मुलांची झुंबड, आणि एकदा जाऊन आलेली काही पोरं परत रांगेत.

ऑडिटवाल्याच्या नजरेने पाहिलं तर ती ड्रिल चांगली होती. रुमाल ओला हवा हे मुलांना माहीत होतं, वाकून चालायचं हे माहीत होतं, मैदानात कुठे उभं राहायचं तेही. आमच्याकडे कित्येक शाळांत जमायची जागा कोणती हे मुख्याध्यापकांनाच विचारून बघा! पण ती पाच मिनिटं मला खटकली. मुलं दुसऱ्याच शिक्षकाबरोबर, दुसऱ्याच मजल्यावर असताना काय करायचं, हा एकच प्रश्न शाळेला खरोखर अवघड होता. ड्रिलने तो सोडवला नाही, सायरनच्या आधी पुसून टाकला. प्रत्येक मूल आपल्या दामिमपाशी पोचल्यावरच 'आग' लागली.

शुक्रवारचं टेबल

शहरातले पाच-सहा परदेशी शिक्षक शुक्रवारी संध्याकाळी तळलेल्या चिकनच्या एका दुकानात जमत. भाचीने ड्रिलची गोष्ट तिथे सांगितली आणि प्रत्येकाच्या पोतडीतून काहीतरी निघालं. एकाच्या शाळेत मागचं दार साखळी घालून बंद, किल्ली शिपायाकडे. एकीकडे जिन्याखाली जुने बाक छतापर्यंत रचलेले. अलार्म वाजतो आणि कुणी मान वर करत नाही, हे सगळ्यांनीच पाहिलेलं. आणि सगळ्यांची एक तक्रार समान: आम्हाला कुणी सांगत नाही.

कारण मात्र जो तो आपल्या घरून आणलेलं सांगत होता. इंग्लंडची एक शिक्षिका म्हणाली, इथली माणसं आज्ञाधारक, वरून हुकूम आल्याशिवाय उठायची नाहीत. सगळं कन्फ्यूशियसच्या, म्हणजे वडीलधाऱ्यांचं ऐका या जुन्या शिकवणीवर ढकललं की विषय संपतो. मला हे पटत नाही. तिच्याच देशात, ती कोरियाला यायच्या दोनच महिने आधी, जून २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसं गेली, आणि तिथल्या रहिवाशांनाही 'घरातच थांबा' असंच सांगितलेलं होतं. तो सल्ला कन्फ्यूशियसचा नव्हता. प्रत्येक फ्लॅट आग अडवून धरेल या गृहीतकावर तो उभा होता, आणि इमारतीच्या बाहेरच्या आवरणानेच पेट घेतल्यावर गृहीतक कोसळलं तरी सल्ला बराच वेळ तसाच राहिला.

टेबलावरच्या अमेरिकन मुलाचं म्हणणं जास्त गुंतागुंतीचं होतं. २०१८ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला, तेव्हा फायर अलार्मही वाजला होता आणि मुलं वर्गातून बाहेर पडली होती. त्याच दिवशी सकाळी त्या शाळेत आगीची ड्रिल झालेली. "आता माझ्या गावची शिक्षिका घंटा ऐकून आधी दार लावते," तो म्हणाला. म्हणजे 'घंटा वाजली की बाहेर' हा नियम परदेशी शिक्षक जितका स्वयंसिद्ध मानतात तितका तो कुठेच राहिलेला नाही.

डिसेंबर, चौथा तास

तास साडेअकराचा. पावणेबाराच्या सुमारास सहशिक्षिका झेरॉक्स काढायला खाली गेली होती. एक मुलगा विचारून टॉयलेटला गेला होता. घंटा वाजली.

मुलांनी तिच्याकडे पाहिलं. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "टीचर, ओजाकदोंग." हा शब्द तिला तोवर पाठ झाला होता. ओजाकदोंग म्हणजे यंत्राची चूक, खोटा अलार्म. मार्चमध्ये शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ही घंटा तिच्या आठवणीप्रमाणे चार वेळा वाजली होती, आणि चारही वेळा लाउडस्पीकरवर हाच शब्द आला होता. पाचव्या वेळी तिने मुलांना रांगेत उभं केलं, सवयीने दिवे बंद केले आणि जवळच्या, म्हणजे पश्चिमेच्या जिन्याने उतरायला लागली.

तिसऱ्या मजल्यावर एका वर्गाचं दार उघडं होतं. आतले सर फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते. रांग पाहून त्यांनी हसून मान हलवली आणि छेदाची रेघ पूर्ण केली. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत घंटा थांबली. लाउडस्पीकरवर कुणीतरी बोललं. जिन्यातल्या गलक्यात तिला त्यातलं काहीच लागलं नाही. दोन मुलं परत वर निघाली. तिने त्यांना धरून खाली आणलं.

तळमजल्यावर खरी अडचण झाली, आणि ती ना तिच्या हिशेबात होती ना माझ्या. कोरियन शाळेत मुलं आत वेगळे बूट घालतात. बाहेरचे बूट दाराशी कप्प्यांत ठेवलेले असतात. दाराशी पोचताच सगळी मुलं थांबली, वाकली आणि बूट बदलायला लागली. घंटा वाजून गेलेली, मागून मुलं येतायत, आणि सव्वामीटरच्या वाटेत गुडघे, कोपरं, वेलक्रोचा चर्रचर्र. मेच्या ड्रिलमध्ये कुणीही बूट बदलले नव्हते, कारण ती ड्रिल होती हे त्यांना ठाऊक होतं. आज मात्र ती नुसतीच बाहेर चालली होती, आणि बाहेर जाताना बूट बदलायचे असतात. दाराच्या डाव्या हाताला स्वयंपाकघर. तिथून जेवणाच्या वेळेची दाट वाफ कॉरिडॉरमध्ये येत होती. घंटा वाजवली होती ती या वाफेनेच. म्हणजे आग खरी असती, तर तिने मुलांना नेमकं तिच्याच तोंडाशी नेऊन उभं केलं होतं.

मैदानात थंडी शून्याच्या आसपास. कोट वर, वर्गात. तिने मोजली: पंचवीस. परत मोजली: पंचवीस. यादी नाही. पहिल्या बाकावरच्या त्याच मुलीला विचारलं, कोण नाही? तिने क्षणभरही न थांबता नाव सांगितलं. पोरांना असतं हे, आपल्या वर्गात कोण नाही ते त्यांना न मोजता कळतं. आता पंचवीसांना सोडून वर जाता येईना आणि एकाला सोडून खाली थांबता येईना. तिने वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीत उपमुख्याध्यापक उभे होते.

खांद्यावर कोट टाकून ते शांतपणे खाली आले आणि तिचं म्हणणं ऐकून स्वतः चौथ्या मजल्यावर गेले. मुलगा इंग्रजीच्या खोलीत होता. टॉयलेटहून परत आला, वर्ग रिकामा, दिवे बंद. तो आपल्या जागेवर जाऊन बसला, वही उघडली आणि वाट बघत राहिला.

हिशेब

तुझं चुकलं का, तर खाली उतरलीस ते बरोबर, असं मी तिला म्हटलं. चार खोट्या घंटांवरून पाचवी खोटी ठरत नाही. बाकीचं मी तिला कडकच सांगितलं. दाराबाहेर पडण्याआधी डोकी मोजायची. टॉयलेटला मूल गेलंय हे तुला माहीत होतं, मग त्या दारावर थाप मारायची. दिवे बंद करून तू मागे राहिलेल्या मुलाला सांगितलंस की इथे कुणी येणार नाही. आणि कुठल्या जिन्याशी काय आहे हे दीड वर्षात एकदाही चालून पाहिलं नाहीस. टेबलावर कोरियन शाळांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या सहाही जणांपैकी कुणीच पाहिलं नसेल, यावर मी पैज लावायला तयार होतो. तिने नंतर विचारलं. कुणीच पाहिलं नव्हतं.

शाळेतली प्रतिक्रिया सौम्य होती आणि म्हणूनच बोचरी. कुणी रागावलं नाही. एका आईचा फोन आला, मुलाला सर्दी झाली. सहशिक्षिका दोन दिवस बोलली नाही. हिला वाटलं आपण तिला तोंडघशी पाडलं म्हणून. खरं कारण वेगळं होतं: घंटा वाजली तेव्हा ती वर्गात नव्हती, हे आता चारचौघांत झालं होतं. वर्ग तिच्या नावावर, आणि मुलं सहायकाने बाहेर काढली.

नावावर कोण आणि वर्गात कोण, हा प्रश्न कोरियात नुसता तांत्रिक नाही. १६ एप्रिल २०१४ ला सेवोल फेरी बुडाली. ३०४ माणसं गेली. त्यांत आन्सान शहरातल्या दानवॉन हायस्कूलचे २५० विद्यार्थी आणि ११ शिक्षक. बोट कलत असताना मुलांना लाउडस्पीकरवरून पुन्हा पुन्हा सांगितलं जात होतं, आहात तिथेच थांबा. 'गामानी इस्सुरा', गप्प बसून राहा, हे शब्द त्यानंतर मोर्च्यांतल्या फलकांवर आले. गेलेल्या शिक्षकांपैकी दोघं कंत्राटी होते, दोघंही वर्गशिक्षक. कंत्राटी शिक्षक सरकारी कर्मचारी नव्हे, या कारणाने त्यांचा मृत्यू कर्तव्यावरचा मृत्यू धरला गेला नाही. तो धरला गेला तीन वर्षांनी, २०१७ मध्ये. जो बाहेर काढतो त्याचं नाव कागदावर असेलच असं नाही, हे तिथल्या स्टाफरूममध्ये प्रत्येकाला आतून ठाऊक आहे.

सेवोलनंतर सरकारने खूप केलं. २०१५ मध्ये सुरक्षा-शिक्षणाचा सात विभागांचा आराखडा आला, वर्षाला ५१ तास. पहिली-दुसरीला 'सुरक्षित जीवन' आलं, पोहणं आलं. तरीही सप्टेंबर २०१६ मध्ये ग्योंगजूला ५.८ रिश्टरचा भूकंप झाला, त्या रात्री हायस्कुलांत मुलं उशिरापर्यंत अभ्यासाला बसलेली होती, आणि काही शाळांत त्यांना सांगितलं गेलं की अभ्यास चालू ठेवा. ५१ तासांत मुलाला काय करायचं ते शिकवतात. वर्गातल्या मोठ्या माणसाने कुणाला न विचारता कधी उठायचं, त्याचा तास त्यात मला दिसला नाही.

आणि घंटेचं काय? स्वयंपाकघराजवळच्या डिटेक्टरला वाफ लागते, पॅनल बोंबलतं, ऑफिसातला माणूस ते गप्प करतो. हे काही कोरियाचं वैशिष्ट्य नाही. आमच्याकडे जानेवारी-जुलैला फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, वेळेवर भरलेला असतो आणि हूटरची वायर काढून ठेवलेली सापडते, वॉचमन निरागसपणे सांगतो, "साहेब, लई वाजायचा." सवय जाते कुठवर, ते कोरियातच २०२१ च्या जूनमध्ये दिसलं. इचनमधल्या एका प्रचंड गोदामात खरी आग लागलेली असताना अलार्म सहा वेळा रीसेट केला गेला. विझवायला गेलेला एक अधिकारी त्यात गेला. शाळेतला उपाय खरं तर शे-दोनशे डॉलरचा होता: स्वयंपाकघराशी धुराचा डिटेक्टर काढून उष्णतेचा बसवायचा.

हागवॉनबद्दल थोडं. हागवॉन म्हणजे आपले क्लासेस, बाजाराच्या इमारतींत चौथ्या-पाचव्या-सहाव्या मजल्यावर. कोरियात निम्म्याहून जास्त काळजी तिथे करायला हवी असं माझं मत आहे. भाचीच्या एका मैत्रिणीच्या हागवॉनमध्ये वर्षभरात एकही ड्रिल झाली नाही, आणि दुसऱ्या जिन्यावर पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट. डिसेंबर २०१७ मध्ये जेचनच्या एका स्पोर्ट्स सेंटरच्या आगीत २९ जण गेले. त्यातल्या बायकांच्या सॉनाचं आपत्कालीन दार सामानाच्या रॅकमागे गेलेलं होतं. मे २०१९ मध्ये सुरतच्या क्लासमधून मुलांना उड्या टाकताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. तो विषय स्वतंत्र लिहायचा, इथे नको.

जानेवारीच्या सुट्टीत भाची सहशिक्षिकेला कॉफीला घेऊन गेली आणि पहिल्यांदा दोघी या विषयावर नीट बोलल्या. मार्चमध्ये इंग्रजीच्या खोलीच्या दारामागे खिळ्याला लॅमिनेट केलेले कागद टांगले गेले, तिथे येणाऱ्या प्रत्येक वर्गाची यादी. खाली लाउडस्पीकरवरची तीन वाक्यं, कोरियन उच्चार इंग्रजी लिपीत: खोटा अलार्म, बाहेर पडा, वर्गात थांबा. त्याखाली सहशिक्षिकेच्या अक्षरात एक ओळ: खोलीत जी शिक्षिका असेल, ती ठरवेल. मुख्याध्यापकांची सही मिळाली नाही. काढूनही कुणी टाकलं नाही. पूर्वेचा जिना ठरला. बूट बदलायचे नाहीत हे शिकवायला त्यांनी एक तास मुलांना नुसतं खाली-वर केलं. डिटेक्टर मात्र भाची परत येईपर्यंत तोच होता.

२६ जून २०१९ ला सोलच्या उन्म्योंग प्राथमिक शाळेत कचरा ठेवायच्या जागेतून आग उठली आणि इमारतीच्या बाहेरच्या आवरणावरून भराभर वर चढली. वेळ दुपारी चारची, शाळा सुटल्यानंतरच्या वर्गांची. म्हणजे मुलं आपल्या वर्गशिक्षिकेकडे नव्हतीच. शंभरावर मुलं बाहेर निघाली, कुणी दगावलं नाही. दोन शिक्षकांना धुराचा त्रास झाला. सहशिक्षिकेने ती बातमी भाचीला फोनवर वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी यादीतली नवीन नावं भरून घेतली.

तो मुलगा आता पाचवीत होता. मार्चमधल्या त्या सरावाच्या तासाला त्याने हात वर करून विचारलं होतं, मी टॉयलेटमध्ये असलो आणि घंटा वाजली तर परत वर्गात यायचं का? दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, कारण हे कागदावर नव्हतं. मग सहशिक्षिका म्हणाली, यायचं नाही, जो वर्ग समोरून जाताना दिसेल त्याच्या मागे लागायचं आणि खाली पोचलं की आपलं नाव ओरडायचं. मुलांना हे ओरडणं फार आवडलं. त्या दिवशी मैदानात सव्वीसही जण, टॉयलेटला न गेलेलेसुद्धा, आपापलं नाव ओरडत होते.